हंगाम सरल्यावरचे सोबती

मे महिना संपत आला की पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर आवराआवर सुरू होते. केरी, हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी या गावांच्या वाळूवर हंगामापुरत्या उभ्या केलेल्या शॅकांचे बांबू सुटतात, झावळ्या उतरतात, टेबलखुर्च्या गाडीवर चढतात आणि मालकापासून वाढप्यापर्यंत सारी मंडळी आपापल्या गावी चालती होतात. मागे राहतो तो कुत्रा. आठ महिने ज्याला टेबलाखाली माशाचा तुकडा मिळाला, पाहुण्यांनी ज्याला परदेशी नावाने हाक मारली, ज्याच्याबरोबर हौसेने फोटो काढले, तो जीव पहिल्या पावसात त्या मोकळ्या वाळूवर उभा असतो. गेल्या जूनमध्ये मांद्र्यास एका स्नेह्याकडे गेलो असता असाच एक कुत्रा आम्ही पाहिला. शॅक ज्या जागी होता त्याच चौकोनात तो बसून होता. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हते; पण घर येथेच आहे याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

पेडणे आणि डिचोली हे एके काळचे सावंतवाडीकर भोसल्यांचे महाल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगिजांकडे गेले, तरी आमच्या वाडीचा आणि त्यांचा रोटीबेटीचा, जत्रेचा, भजनाचा आणि दशावताराचा संबंध सीमेने तुटला नाही. म्हणून तिकडील प्रश्नाकडे परक्याच्या नजरेने पाहणे आम्हांस जमत नाही. शिवाय हा प्रश्न जसा त्यांचा आहे तसाच तो आमचाही आहे, हे पुढे दिसून येईल.

बेवारशी जनावरे आकाशातून पडत नाहीत. रस्त्यावरचे बहुतेक कुत्रे रस्त्यावरच जन्मतात हे खरे; पण त्यांत सोडून दिलेल्यांची भर सतत पडत असते. कोणी परदेशी पाहुणा ऑक्टोबरात पिल्लू उचलतो, मार्चपर्यंत त्याला अंथरुणात घेऊन झोपतो आणि परतीचे विमान पकडतो. कोणी मोठ्या शहरातून येऊन पेडण्यात घर भाड्याने घेतो, हौसेने जातिवंत कुत्रा पाळतो आणि भाडेकरार संपला की कुत्र्याचाही करार संपवतो. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ आणखी वाढली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा तर पर्यटकांच्या उष्ट्यावर जगणाऱ्या किनाऱ्यावरील जिवांचा एका रात्रीत आधार गेला.

परंतु दोष केवळ पाहुण्यांचा म्हणून हात झटकण्याचा अधिकार आम्हांला आहे काय? कोकणात आणि गोव्यात घराघरांतून चालत आलेली एक रीत आहे. मांजर व्याली किंवा कुत्रीला माद्या झाल्या की त्या पिशवीत घालून मासळीबाजाराजवळ नाहीतर नदीपलीकडे सोडून यायचे. ‘तेथे त्यांना खायला मिळेल’ असे म्हणून मनाची समजूत घालायची. आम्ही नऊ-दहा वर्षांचे असताना अशी एक पिशवी आमच्याही हाती देण्यात आली होती. चार पिल्ले होती. बाजाराच्या मागे ती ठेवून आम्ही धावत घरी आलो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर पाहिले तेव्हा दोनच उरली होती. तिसऱ्या दिवशी आम्ही वाट बदलली. घरात कोणी दुष्ट नव्हते. देवापुढे रोज दिवा लागत होता आणि गाईला पहिला घास निघत होता. तरी ते घडले, आणि आजही सुसंस्कृत म्हणवणाऱ्या घरांतून ते घडते.

डिचोली तालुक्यातील साखळीच्या दत्तमंदिरात आम्ही भक्तिभावाने जातो. दत्ताच्या पायाशी बसलेले चार श्वान हे चार वेद होत, असे मुलांना सांगतो. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव कीर्तनात ऐकून आमचे डोळे पाणावतात. मंदिराबाहेर येताच मात्र पायरीवरच्या कुत्र्याला पहिला दगड आम्हीच मारतो. ही विसंगती आम्हांला सवयीने दिसेनाशी झाली आहे.

कायद्याची गोष्ट घेतली तर तिची कथा कलाप्रेमी वाचकांना विशेष जवळची वाटावी. कलाक्षेत्राच्या संस्थापक आणि थोर नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाल्या. तेथे त्यांनी नृत्यावर भाषणे करण्यापेक्षा मुक्या जनावरांच्या छळाविरुद्ध खासगी विधेयक मांडले. पंडित नेहरूंनी सरकारतर्फे कायदा करण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले, आणि १९६० मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा संमत झाला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा. ज्या जनावरावर उपासमारीने वा तहानेने हाल सोसण्याची पाळी येईल त्याला सबळ कारणावाचून टाकून देणे हा या कायद्याच्या ११ व्या कलमाने गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड किती? दहा ते पन्नास रुपये! १९६० साली या रकमेला काही वजन असेल. आज तेवढ्यात एक वेळची न्याहारीही भागत नाही. कायद्याची जरब संपली असता माणसाच्या हातांवाचून दुसरा उपाय उरत नाही.

असे हात गोव्यात पुढे आले, ही आनंदाची गोष्ट होय. पेडण्याच्या पलीकडे, शापोरा नदी ओलांडली की बार्देश लागतो. तेथे आसगाव येथे जॉन आणि जो हिक्स या इंग्रज दांपत्याने १९९८ मध्ये जखमी व बेवारशी जनावरांसाठी केंद्र उभे केले. पुढे हिक्स यांच्याच नावाने तेथे पशुवैद्यांना निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया शिकवणारे प्रशिक्षण केंद्र चालू झाले. मिशन रेबीज या संस्थेने गोवा सरकारच्या साहाय्याने जे काम केले ते तर देशाने अभ्यासावे असे आहे. जाळी घेऊन फिरणारी पथके गल्लोगल्ली जात, कुत्र्याला अलगद पकडत, लस टोचत, अंगावर रंगाची खूण करत आणि त्याच जागी सोडून देत. कोठे किती कुत्र्यांना लस दिली याची नोंद लगोलग मोबाइलवर होई. अशा रीतीने वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस देण्यात आली आणि दरसाल सुमारे दीड लाख मुलांना रेबीजविषयी धडे मिळाले. २०१३ ते २०१९ या काळात कुत्र्यांतील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी उतरले. २०१८ आणि २०१९ या वर्षांत या रोगाने गोव्यात माणूस दगावल्याची नोंद नाही. २०२१ मध्ये गोवा हे देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित झाले. या पथकांत पगारी माणसांच्या जोडीने स्वयंसेवकही राबले, आणि त्यांतील कितीएक समुद्रापलीकडून स्वखर्चाने आलेले होते.

डिचोली तालुक्यात मये-सिकेरी येथे गोमंतक गोसेवक महासंघाची गोशाळा आहे. रस्त्यावर मोकाट फिरणारी, वाहनांनी जखमी झालेली गुरे तेथे आणली जातात. २०१९ मध्ये तेथील एक वार्ता देशभर गाजली. कळंगुट-कांदोळीच्या किनाऱ्यावरून आणलेली सत्तरांहून अधिक गुरे चारा तोंडाला लावीनात; हॉटेलांच्या उकिरड्यावरचे कोंबडीचे व तळलेल्या माशांचे उष्टे खाऊन त्यांची चवच बदलली होती, असे तेव्हाचे मंत्री मायकल लोबो यांनी सांगितले. लोक हसले. आम्हांला मात्र हसू आले नाही. गाय मासे खाऊ लागते तेव्हा तिचा स्वभाव बिघडलेला नसतो, तिला पोसण्याचे कर्तव्य विसरलेल्या माणसाचा बिघडलेला असतो.

आता स्वयंसेवकाविषयी. निवाऱ्यातील सेवा म्हणजे पिल्लाला मांडीवर घेऊन कुरवाळणे अशी पुष्कळांची कल्पना असते. प्रत्यक्षात दिवस उजाडतो तो झाडू आणि फिनेलने. पिंजरे धुणे, विष्ठा काढणे, भात शिजवणे, गोचिडी वेचणे, लूत लागलेल्या अंगाला औषध चोळणे, शस्त्रक्रियेनंतरच्या कुत्रीजवळ ती शुद्धीवर येईपर्यंत बसणे आणि माणसाला भ्यालेल्या जनावराशेजारी काही न करता तासभर नुसते थांबणे, ही खरी कामे होत. या कामाला उतरण्यापूर्वी रेबीजची लस स्वतःला टोचून घ्यावी, आणि चावा बसलाच तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन विनाविलंब डॉक्टर गाठावा. भावनेच्या भरात हे विसरणारा सेवक इतरांच्या डोक्याला ताप होतो.

आमचा व्यवसाय गाणे शिकवण्याचा. उत्साहाने पहिले आठ दिवस दोन-दोन तास बसणारा आणि नवव्या दिवशी न फिरकणारा विद्यार्थी आम्ही शेकड्यांनी पाहिला आहे. त्याच्यापेक्षा रोज अर्धा तास, पण वर्षानुवर्षे येणारा मंद बुद्धीचा मुलगा अखेरीस सुरात गातो. प्राण्यांच्या सेवेतही हाच न्याय आहे. भेद इतकाच की, विद्यार्थ्याने रियाज सोडला तर त्याचेच नुकसान होते, येथे ते मुक्या जिवाचे होते. एकदा टाकून दिलेला कुत्रा मोठ्या कष्टाने पुन्हा एका माणसावर विश्वास टाकतो. ते माणूस पंधरवड्याने निघून गेले की तो दुसऱ्यांदा टाकला जातो. दूरदेशाहून येणाऱ्या सेवकांचे ऋण मान्य करूनही म्हणावे लागते की, त्यांच्या सेवेला हंगामाची मर्यादा आहे. ज्या पावसाळ्यात गरज सर्वांत अधिक, त्याच पावसाळ्यात ते नसतात. ती उणीव पेडणे, डिचोली, बांदा आणि वाडी येथील माणसांनीच भरून काढली पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हेटाळणीने उडवून लावण्याजोगा नाही. ‘मुलांना कुत्रे चावतात, रात्री स्कूटरमागे धावतात, मोरजीच्या वाळूत कासवांनी घातलेली अंडी उकरतात, आणि तुम्हांला कुत्र्यांचा पुळका!’ ज्या आईच्या लेकराचा पाय कुत्र्याने फोडला तिला दयाधर्म सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण तिच्याच हिताचा उपाय कोणता, हे पाहावे. कुत्रे नुसते हाकलले तर उष्टे तेथेच राहते आणि रिकाम्या जागेवर दुसरे येतात. तेही लस न टोचलेले. कुत्री वर्षातून दोनदा माजावर येते आणि दोन महिन्यांत विते. तेव्हा निर्बीजीकरणावाचून संख्या आटोक्यात येणे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी आपला आधीचा आदेश बदलून, पिसाळलेले वा आक्रमक कुत्रे वगळता बाकीच्यांना निर्बीजीकरण व लसीकरण करून मूळ जागी सोडावे असे सांगितले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा जागांतून त्यांना हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. म्हणजे कोणतीही वाट धरा, कुत्रे पकडणारे, लस देणारे आणि निवाऱ्यात सांभाळणारे हात लागणारच. ज्याला कुत्र्यांची भीती वाटते त्यानेही या कामाला पाठबळ दिले पाहिजे, कारण लस टोचलेला, ओळखीचा, पोट भरलेला कुत्रा हाच त्याच्या मुलाला सर्वांत कमी धोक्याचा.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. किनारी पंचायतींनी शॅकवाल्यांना हंगाम संपताना एक प्रश्न विचारावा, ‘तुझ्या दारचा कुत्रा पावसाळ्यात कोणाकडे?’ घर भाड्याने देणाऱ्याने सामानाच्या यादीत जनावराचीही नोंद करून घ्यावी. हॉटेलांनी उष्टे उघड्यावर टाकू नये. ज्यांच्या घरी पडवी आणि मन दोन्ही मोकळी आहेत त्यांनी एखादे जनावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत सांभाळावे. शाळा-महाविद्यालयांनी आठवड्याचे दोन तास जवळच्या निवाऱ्यात वा गोशाळेत मुलांकडून सेवा करून घ्यावी. दयेवरील दहा निबंधांनी जे साधत नाही ते एका पिंजऱ्याच्या सफाईने साधते. आणि ज्यांच्या घरी मांजर-कुत्री आहे त्यांनी पिशवी शोधण्याआधी पशुवैद्याकडे जावे. ज्याला यांतले काहीच जमत नाही, त्याने निदान हातातला दगड खाली टाकावा.

मांद्र्याच्या त्या कुत्र्याचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. शेजारच्या एका मासे विकणाऱ्या बाईने त्याला आपल्या पडवीत जागा दिली. तिने कोणत्याही संस्थेचे नाव ऐकले नव्हते. ‘पावसात कुठे जाणार तो?’ एवढेच ती म्हणाली. आम्ही मात्र पोळी टाकून मोटारीत बसलो होतो आणि चाळीस वर्षांपूर्वीप्रमाणेच वाट बदलून परतलो होतो. या पावसाळ्यात तसे होऊ द्यायचे नाही, असे ठरवले आहे. दर रविवारी सकाळचा गाण्याचा वर्ग यापुढे दुपारी भरेल. विद्यार्थ्यांनी कारण विचारले, आम्ही सांगितले. त्यांपैकी तिघे बरोबर येत आहेत.