दुसरी आली, तेव्हा

आमच्या घरी रात्री टीव्ही बंद असतो. मुलांचा अभ्यास, माझ्या वह्या तपासणं, दुसऱ्या दिवसाचे डबे. म्हणून अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, रात्रीच्या मालिकेचा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी बघतात. जोहरची नमाज झाली, जेवणं आवरली की टीव्ही लागतो. शेजारच्या काकू निवडायची भाजी घेऊन येतात. माझी शाळा सकाळची, त्यामुळे मीही तिथेच टेकते. हातात वह्या, कान मालिकेकडे.

जानेवारी २०२५ मधली गोष्ट. ‘प्रेमाची गोष्ट’ लागली होती आणि काकू एकदम म्हणाल्या, “अगंबाई, ही कोण? मुक्ता कुठं गेली?” मुक्ताचं काम तेजश्री प्रधान करायची. तिच्या जागी स्वरदा ठिगळे आली होती. नवरा तोच, घर तेच, मांडीवरची सई तीच. फक्त मुक्ता दुसरी. काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. “छे! हिला ते जमणार नाही. पहिलीचं हसणं कसं होतं! मी नाही बघणार उद्यापासून.”

मी हसून मान डोलावली. खरं सांगायचं, तर मलाही तसंच वाटलं होतं.

बहिणींनो, आपल्यापैकी किती जणी असंच म्हणाल्या असतील! ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ २००० साली सुरू झाली, तेव्हा मिहिरचं काम अमर उपाध्याय करायचा. मग इंदर कुमार आला, मग रोनित रॉय. तुलसी म्हणजे स्मृती इराणी हे घरोघरी पक्कं झालेलं. २००७ मध्ये तिथं गौतमी कपूर आली. ही मूळची गडकऱ्यांची नव्हे, गाडगीळांची, आपल्या मराठी मुलखातली लेक. चांगली अभिनेत्री, पण लोकांनी तिला तुलसी मानलंच नाही. पुढच्याच वर्षी स्मृती इराणी परत आल्या. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनाया आठवा. आधी रसिका सुनील, मग ईशा केसकर, मग पुन्हा रसिका. ‘अग्गंबाई सासूबाई’ची ‘अग्गंबाई सूनबाई’ झाली, तेव्हा तेजश्रीच्याच शुभ्राच्या जागी उमा पेंढारकर आली. जाणारीची बातमी होते. येणारीची फक्त तुलना होते.

आता हे होतं का, तेही बघू. आपल्याकडची मालिका कधी संपणार, हे सुरू होताना कोणालाच ठाऊक नसतं. रोजचा भाग रोज द्यायचा. बारा-बारा तास काम, वर्षानुवर्षं. त्या काळात बाईच्या आयुष्यात काय काय घडतं! लग्न, बाळंतपण, आजारपण, म्हातारे आईवडील. ‘आई कुठे काय करते’मधली पहिली संजना दीपाली पानसरे होती. २०२० च्या टाळेबंदीनंतर चित्रीकरण पुन्हा सुरू झालं, पण घरच्यांच्या काळजीने ती परतली नाही. तिच्या जागी रुपाली भोसले आली आणि २०२४ मध्ये मालिका संपेपर्यंत तिने ते काम केलं. आज संजना म्हटलं की तिचाच चेहरा डोळ्यांसमोर येतो. पहिली कोण होती, हे आठवावं लागतं. आपल्या घरात किती जणींनी टिपलेल्या, वाढीव वाटेवरच्या नोकऱ्या अशाच सोडल्या असतील. त्यांना काय कोणी विचारलं?

याउलट, २०१४ मध्ये आपण ‘जिंदगी गुलजार है’ बघितली. सनम सईदची कशफ आपल्या सगळ्यांना आवडली. ती मालिका पंचविसेक भागांत संपली. गोष्ट आधी पुरी लिहिलेली, म्हणून कोणाला बदलायची वेळच येत नाही.

आणि मोठ्या भूमिकांच्या बाजूला उभ्या असणाऱ्या बायका? ‘पवित्र रिश्ता’मध्ये उषा नाडकर्णी आणि सविता प्रभुणे, या दोन आयांनी मालिका अक्षरशः खांद्यावर वाहिली. ‘आई कुठे काय करते’मधल्या कांचनआजी अर्चना पाटकर. आशालता वाबगावकरांसारखी मोठी अभिनेत्री ‘आई माझी काळूबाई’च्या चित्रीकरणासाठी साताऱ्यात होती. तिथंच कोरोना झाला आणि २२ सप्टेंबर २०२० ला त्या गेल्या. वय ७९. मालिका पुढे चालू राहिली. अशा बायकांचं नाव पडद्यावर आलंच, तर वाचायच्या आत निघून जातं. आपणही त्यांना ‘ती सासू’, ‘ती आजी’ म्हणून मोकळ्या होतो.

तर त्या दुपारी काकू मुक्ताला नावं ठेवत होत्या आणि अम्मी गप्प होत्या. मग म्हणाल्या, “करू द्या हो ताई तिला तिचं काम. घर पहिलीचं, लेकरू पहिलीचं, माणूस पहिलीचा. हिच्या वाट्याला नवीन काय आलं? नुसती बोलणी.”

काकू थांबल्या. मीही पेन खाली ठेवलं.

वाचक बहिणींना एक गोष्ट सांगायला हवी. अम्मी माझ्या मिस्टरांच्या जन्मदात्या नव्हेत. पहिल्या अम्मी दोन लेकरं मागे ठेवून अल्लाहला प्यारी झाल्या. तेव्हा मिस्टर चार वर्षांचे, नणंद दीड वर्षाची. अम्मी घोटवड्याहून निकाह होऊन कासार आंबोलीत आल्या, वय वर्षं एकोणीस. हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. पण ते त्यांना कसं गेलं, हे वीस वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी विचारलं. म्हणाल्या, “पहिल्या ईदला सगळ्यांनी शीरखुर्मा चाखला आणि म्हणाले, ‘तिच्यासारखा नाही झाला.’ मी तिला बघितलंसुद्धा नव्हतं. तिच्यासारखा कसा करणार? मग मी तसा करायचा सोडून दिला. माझ्या आईसारखा केला. दोन-तीन वर्षांनी लोक त्यालाच चांगला म्हणायला लागले.” आणि मग हळूच, “तुझा नवरा मला अम्मी म्हणाला, त्याला आठ महिने लागले. मी दिवस मोजत होते.”

मला माझी पहिली नोकरी आठवली. एका बाईंच्या बाळंतपणाच्या रजेत मी बदली शिक्षिका म्हणून गेले होते. पहिल्याच दिवशी तिसरीतली एक मुलगी म्हणाली, “आमच्या बाई असं नाही शिकवत.” मी घरी येऊन रडले होते. आणि इथे, माझ्याच घरात, एक बाई चाळीस वर्षांहून जास्त काळ त्याच परीक्षेला बसलेली. मला ते दिसलं नाही.

शनिवारी फोनवर नणंदेला हे सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “भाभी, मला पहिली अम्मी आठवतच नाही. पण हे मी या अम्मींना कधी सांगितलं नाही. त्यांना वाटत असेल, मी अजून तुलना करते.” त्याच रविवारी ती मुलांना घेऊन पिरंगुटहून आली. दोघी स्वयंपाकघरात काय बोलल्या, ते मी विचारलं नाही. दार लोटलेलं होतं.

तर या महिन्याचा गृहपाठ. तुमच्या आवडत्या मालिकेत उद्या कोणी नवीन आली, तर तिला पंधरा दिवस द्या. तिचं खरं नाव शोधून लक्षात ठेवा. आणि तुमच्या घरात, शेजारात, शाळेत कोणी दुसऱ्याच्या जागी आलेली असेल, तर तिला विचारा, कसं गेलं ते. उत्तरं मला लिहून पाठवा.

काकू अजूनही रोज येतात. परवा मालिका संपल्यावर अम्मींनीच मला विचारलं, “बेटा, त्या नव्या मुलीचं नाव काय म्हणाली होतीस?”

“स्वरदा.”

“हां. स्वरदा,” अम्मी म्हणाल्या आणि काकूंकडे बघून पुन्हा एकदा सांगितलं, “स्वरदा.”