हलगी सोडली, आता ठेकाही दुसऱ्याच्याच हातात ठेवायचा?

जयंतीच्या बैठकीत दरवर्षी एक वाक्य हमखास ऐकू येतं : "पोरांनी कॉम्प्युटरवर गाणी करून भीमगीतांची वाट लावली." बोलणारे आपलेच असतात. वयाने मोठे, नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेले. त्यामुळे उलट बोलायला जीभ रेटत नाही. पण आता बोललं पाहिजे.

त्यांचं म्हणणं असं की ढोलकी, डफ, एकतारी ही आपली वाद्यं. पॅड बडवून, वायर जोडून लॅपटॉपात भरलेला ठेका म्हणजे बाजार.

'आपलं वाद्य' हा शब्द जरा जपून वापरावा. मराठवाड्यातल्या गावगाड्यात हलगी कुणाच्या गळ्यात होती आणि का होती, हे बीड जिल्ह्यात कुणाला सांगायची गरज नाही. दवंडी द्यायची, वरातीपुढे वाजवायचं, मेलेलं ढोर ओढायचं, त्याचंच कातडं कमवायचं आणि वाजवून झाल्यावर पंगतीपासून लांब बसायचं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडलं ते या वंशपरंपरागत राबणुकीविरुद्धच. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तो कायदा इथे लागूही झाला नसता. पण जू तेच होतं. १९५६ नंतर आपल्या आज्या-पणज्यांनी ठिकठिकाणी हलगी खाली ठेवली ती संगीताचा कंटाळा आला म्हणून नव्हे.

मग ज्या वाद्याला कातडं नाही, जात नाही, वतन नाही, जे वाजवायला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही, ते आपल्या पोरांच्या हातात आलं तर तक्रार कसली? आणि नव्वदच्या दशकातल्या ज्या कॅसेटी ऐकून आपण मोठे झालो, त्यांत कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड नव्हता का? तेव्हा तो मुंबईच्या स्टुडिओत वाजत होता, आता केजच्या पत्र्याच्या खोलीत वाजतो. फरक एवढाच.

या फरकाची किंमत मोठी आहे. कॅसेटच्या काळात आपला गायक, आपला शाहीर एकरकमी पैसे घेऊन अंगठा उठवल्यासारखी सही करून घरी यायचा. गाणं गावोगाव वाजायचं आणि मालकी कंपनीची. २०१२ साली कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला, गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क परस्पर सोडून देता येऊ नये अशी तरतूद झाली. पण मूळ ध्वनिमुद्रणच स्वतःचं असेल तर भांडायची वेळच कमी येते. औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन गायल्या आणि मोबाइलवरून घराघरांत पोचल्या. कुठल्या कंपनीने त्यांना बोलावलं म्हणून नाही.

आता पोरांना दोन गोष्टी. ऊसतोडीवरून मार्चमध्ये परत यायचं, चौदा एप्रिलच्या आत गाणं काढायचं, हाताशी जुना लॅपटॉप आणि उसना पॅड. ही घाई मला कळते. पण पॅडचा नुसता आवाज भरू नका, मिडीही भरा. मिडीत आवाज नसतोच. कोणत्या पॅडवर, कोणत्या क्षणी, ० ते १२७ पैकी किती जोराने काठी पडली, एवढीच नोंद असते. म्हणजे आज केलेल्या ठेक्यावर उद्या दुसरा आवाज चढवता येतो. काठी पडल्यावर आवाज उशिरा येतो ही सगळ्यांचीच रड आहे, तिचं कारण बहुतेकदा बफर. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर १०२४ च्या बफरने एकट्यानेच सुमारे २३ मिलिसेकंद उशीर होतो, १२८ ला तो तीनच्या आत येतो. वाजवताना बफर कमी ठेवा, मिक्सिंगला वाढवा. आणि क्वांटाइझचं बटण दाबून प्रत्येक ठोका रेघेवर बसवू नका. आपला केरवा किंचित मागेपुढे झुलतो. तो झोकाच काढून टाकला तर म्हातारी माणसं म्हणतात ते खरं ठरेल.

आणखी एक दोष पोरांचाच आहे. हलगीचा आवाज हवा की इंटरनेटवरचा तयार लूप उचलायचा. अरे, शेजारच्या वस्तीत मातंग समाजातला म्हातारा अजून जाळावर हलगी शेकून वाजवतो. लग्नात अजूनही मांडवाबाहेर उभा असतो. आपण हलगी सोडली, त्याच्यावर ती अजून लादलेलीच आहे, आणि आपण त्याच्याकडे बघून नाक मुरडतो. त्याला लॅपटॉपपुढे खुर्ची द्या. जाड काडीचे, बारीक काडीचे, काठावरचे, मधले ठोके वेगवेगळे भरून घ्या, ते पॅडवर चढवा, गाण्यावर त्याचं नाव घाला, पैशात वाटा द्या. हलगीची गुलामी काढून विद्या तेवढी ठेवायची असेल तर यापरता दुसरा मार्ग मला दिसत नाही.

१९९६ साली माजलगावच्या भीमनगरात बायकांनी बाबासाहेबांवरच्या जात्यावरच्या ओव्या गायल्या. त्या आज ऐकता येतात, कारण गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांच्या गटाने त्या टेपवर घेतल्या. त्यांचे उपकार आहेतच. पण जिल्ह्यातल्या बाकी किती वस्त्यांत टेप पोचलाच नाही, आणि तिथल्या ओव्या त्या बायकांबरोबर गेल्या! तेव्हा आपल्याकडे यंत्र नव्हतं. आता आहे, आणि आपण मिरवणुकीच्या एका रात्रीच्या डीजेला हजारो रुपये मोजतो.

येत्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे. डीजे एक तास कमी करा, त्या पैशातून एक बरा माइक आणि एक ऑडिओ इंटरफेस घ्या, ते विहारात ठेवा, चावी पोरांकडे आणि पोरींकडेही द्या. ज्यांना हा बाजार वाटतो त्यांनी जरूर विरोध करावा. फक्त येताना मागच्या वर्षीचं डीजेचं बिल सोबत आणावं.