चवदार तळ्याची शताब्दी आणि कोकणचा अपुरा पर्यटन नकाशा

२० मार्च २०२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला १०० वर्षे पूर्ण होत आहेत. त्या दिवशी महाडला किती लोक येतील, व्यासपीठावर कोण असेल, कोणत्या घोषणा होतील, याची चर्चा आपल्याकडे होईलच. मला वेगळा प्रश्न विचारायचा आहे. शताब्दीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २१ मार्चला, महाडमध्ये आणि एकूण कोकणात आपले काय उरणार आहे?

हा प्रश्न पर्यटनाशी जोडलेला आहे. 'पर्यटन' म्हटले की आपल्यातले अनेक कार्यकर्ते तो पैसेवाल्यांचा विषय समजून बाजूला ठेवतात. पण कोकणात आज रस्ते कुठून जाणार, निधी कुठे खर्च होणार, कोणत्या गावातल्या पोरांना गावातच काम मिळणार आणि कोणाला मुंबई गाठावी लागणार, हे बऱ्याच अंशी पर्यटनावर ठरते. राज्य सरकारने २०२४ मध्ये दहा वर्षांसाठी नवे पर्यटन धोरण मंजूर केले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यात रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे पाच किल्ले कोकणातले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. यामुळे कोकणात येणारे पर्यटक आणि निधी दोन्ही वाढतील. म्हणूनच नकाशा कसा आखला जातो, याकडे आत्ताच लक्ष द्यायला हवे.

नकाशात काय आहे, काय नाही

कोकण पर्यटनाची कोणतीही जाहिरात पाहा. समुद्रकिनारे, किल्ले, देवस्थाने, आंबा आणि मासळी. अलिबाग, मुरूड-जंजिरा, दिवेआगर, हरिहरेश्वर, गणपतीपुळे, मालवण, तारकर्ली. या ठिकाणांचे महत्त्व कोणी नाकारत नाही. पण याच वाटांवर दुसरे कोकणही आहे, आणि ते या यादीत सहसा दिसत नाही.

मांदाड खाडीजवळच्या डोंगरात कुडा लेणी आहेत. एकूण २६ लेणी. तिथले शिलालेख वाचले की दान देणाऱ्यांची यादीच समोर येते. महाभोज घराण्यातली माणसे आहेत, तशीच फुलांचा व्यवसाय करणारा माळी आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे, आपल्या शिष्यांसह दान देणारी भिक्खुणीही आहे. खाड्यांतून परदेशी व्यापार चालत होता, माल घाटांवर चढत होता आणि त्या वाटांवर भिक्खूंचे विहार उभे राहत होते. जुन्या ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा, कल्याण, चौल या बंदरांची नावे येतात. नालासोपाऱ्याचा स्तूप भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उत्खनन करून उजेडात आणला. सम्राट अशोकांच्या शिलालेखाचे तुकडेही तिथे सापडले आहेत. दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीला २९ लेण्यांचा समूह आहे. सुरुवातीच्या थेरवादी लेण्यांपासून वज्रयानापर्यंत आणि पुढे नाथपंथापर्यंतचा प्रवास तिथे एकाच ठिकाणी पाहता येतो.

म्हणजे कोकणच्या किनाऱ्याचा पहिला मोठा, लिखित इतिहास बौद्ध आहे. तरी पर्यटकाला तो 'जमल्यास पाहा' या सदरात भेटतो.

पाणी दिल्याचा शिलालेख

महाडचेच उदाहरण घ्या. मुंबईहून मुंबई-गोवा महामार्गाने येताना महाडच्या अलीकडे डोंगरात गांधारपाले लेणी दिसतात. शहरापासून साधारण तीन किलोमीटर. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा एक शिलालेख तिथे आहे. काणभोज विष्णुपालित नावाच्या कुमाराने लेणे, चैत्यगृह आणि भिक्खूंसाठी आठ खोल्या दान दिल्याची नोंद त्यात आहे. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी दान दिल्या आहेत. लेण्याच्या दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, आणि लेण्याकडे येणारी वाट.

पाणी आणि वाट. याच डोंगरापासून तीन किलोमीटरवर १९२७ मध्ये आपल्या माणसांना पाण्याला हात लावायला सत्याग्रह करावा लागला. रावबहादूर बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मंजूर करून घेतला होता. महाड नगरपालिकेनेही तो स्वीकारला होता. कागदावर तळे खुले होते, प्रत्यक्षात नव्हते. बाबासाहेब तळ्यावर गेले ते हा फरक मिटवण्यासाठी.

महाडला येणाऱ्या पर्यटकाला ही दोन ठिकाणे एकत्र दाखवली, तर भारताच्या इतिहासातला एक मोठा प्रश्न त्याला अर्ध्या दिवसात समजेल. रायगडला जाणारे हजारो लोक महाडमधून जातात. त्यांच्यापैकी कितीजण तळ्यावर थांबतात? आणि खरे सांगायचे तर, २० मार्चला तळ्यावर येणाऱ्या आपल्यापैकी कितीजण गांधारपाले चढतात? आपणही अभिवादन करतो, पुस्तके घेतो आणि परतीची गाडी पकडतो. दोष फक्त सरकारचा नाही.

दोन कप्पे

सरकारी योजनांची मांडणीही याला कारणीभूत आहे. केंद्राच्या स्वदेश दर्शन योजनेत 'किनारी परिक्रमा' आणि 'बौद्ध परिक्रमा' असे वेगवेगळे विषय ठरवले गेले. महाराष्ट्राला २०१५-१६ मध्ये सिंधुदुर्गची किनारी परिक्रमा मिळाली. बौद्ध परिक्रमेत बोधगया, कुशीनगर, श्रावस्ती, सांची ही स्थळे आली. कोकणची लेणी 'किनाऱ्या'त बसली नाहीत आणि 'बौद्धां'तही आली नाहीत.

हे असेच व्हायला हवे होते का? आंध्र प्रदेश पाहा. त्याच योजनेत २०१७-१८ मध्ये शालिहुंडम, तोटलाकोंडा, बाविकोंडा, बोज्जनकोंडा, अमरावती आणि अनुपू यांची बौद्ध परिक्रमा मंजूर झाली. तोटलाकोंडा आणि बाविकोंडा विशाखापट्टणमजवळ समुद्रालगतच्या टेकड्यांवर आहेत. म्हणजे किनाऱ्यावरचा बौद्ध वारसा योजनेत बसतो. राज्याने तसा प्रस्ताव मांडावा लागतो, आणि राज्याने तो मांडावा म्हणून लोकांनी मागणी करावी लागते.

कमाई कोणाची?

वारसा नकाशावर आला तरी पैसा आपोआप आपल्या वाड्यांत येणार नाही. कोकणातले पर्यटन घर आणि जमीन यांवर चालते. ज्याची किनाऱ्याजवळ वाडी आहे, त्याचा होमस्टे. ज्याच्याकडे रस्त्याला लागून जागा आहे, त्याचे हॉटेल. कोकणात जमीन कोणाकडे का आहे, हे समजायला खोती आठवावी लागते. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती निर्मूलनाचे विधेयक मांडले, ते उगाच नाही. आपली बौद्धवाडी बहुतेक गावांत एका टोकाला असते आणि घरातला कमावता माणूस मुंबईत असतो.

रमाईंचे वडील दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहत होते. आजचा पर्यटक दाभोळला फेरीबोटीसाठी आणि मासळीसाठी जातो. टोपली वाहणारे हात त्याच्या नकाशात नाहीत. पुढच्या पिढीने पर्यटनात फक्त भांडी घासायची आणि गाडी चालवायची, एवढेच आपल्याला हवे आहे का?

एक अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका वस्तीतली पंधरा मुले-मुली घेऊन आम्ही दापोली तालुक्यात जाणार होतो. एका घरगुती निवासात फोन केला. खोल्या होत्या, दर ठरला, जेवणाचेही बोलणे झाले. मग नाव विचारले, आडनाव विचारले, 'मूळ गाव कुठले, वाडी कुठली' हेही विचारले. 'संध्याकाळी कळवतो' म्हणाले. संध्याकाळी खोल्या भरल्या होत्या. कदाचित खरेच भरल्या असतील. पण आडनाव सांगेपर्यंत त्या रिकाम्या होत्या.

संविधानाचे कलम १५(२) नेमके इथे लागू होते. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, रस्ते, यांत प्रवेश देताना जातीवरून भेद करता येत नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यातील 'हॉटेल'च्या व्याख्येत निवासगृहही येते. शासनाची नोंदणी आणि अनुदान घेणाऱ्या प्रत्येक निवासाच्या दर्शनी भागात हे कलम लावणे बंधनकारक करा, ही साधी मागणी आहे. बोले ठरावापासूनचा आपला अनुभव हाच आहे की जागा कागदावर खुली असून चालत नाही.

आपण काय करू शकतो

शताब्दीपर्यंतचा वेळ भाषणांच्या तयारीत घालवायचा नसेल, तर काही कामे हातात घेता येतील.

पहिले, माहितीचा अधिकार. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत गेल्या पाच वर्षांत पर्यटनाच्या निधीतून कुडा, गांधारपाले, पन्हाळेकाजी, चवदार तळे आणि आंबडवे यांसाठी किती रक्कम मंजूर झाली आणि किती खर्च झाली, हे तालुक्यातल्या एका कार्यकर्त्याने विचारावे. आंबडवे या बाबासाहेबांच्या मूळ गावी फेब्रुवारी २०२२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद येऊन गेले. त्यानंतर तिथे काय झाले, याचा हिशोबही मागावा. आकडे हातात आले की मागणीला वजन येते.

दुसरे, आपला स्वतःचा मार्ग. पहिल्या दिवशी कुडा, गांधारपाले, चवदार तळे आणि क्रांतिस्तंभ. दुसऱ्या दिवशी मंडणगडमधले आंबडवे, दापोलीजवळचे रमाईंचे माहेर वणंद आणि पन्हाळेकाजी. गावोगावच्या बौद्धजन मंडळांच्या मुंबई शाखा दरवर्षी सहली काढतातच. त्यांनी एक सहल या मार्गावर काढली, तर वाटेतल्या वाड्यांना जेवणाचे आणि मुक्कामाचे काम मिळेल.

तिसरे, मार्गदर्शक. मार्गदर्शकाला जमीन लागत नाही, अभ्यास लागतो. ब्राह्मी लिपीची ओळख, शिलालेखांचा अर्थ आणि सत्याग्रहाचा इतिहास सांगू शकणारी दहा मुले-मुली प्रत्येक तालुक्यात तयार झाली, तर लेण्यांबद्दलच्या कपोलकल्पित कथा आपोआप मागे पडतील. निवास सुरू करू इच्छिणाऱ्या महिलांसाठी राज्याच्या 'आई' पर्यटन धोरणात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज परताव्याची सोय आहे. आपल्या महिला मंडळांपर्यंत ही माहिती पोहोचवणे हे आपले काम आहे.

चौथे, लेण्यांची काळजी. कुडा आणि गांधारपाले केंद्र सरकारची संरक्षित स्मारके आहेत. स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आहे. त्यामुळे सोयी गावातच उभ्या राहाव्या लागतील, आणि ते गावाच्या फायद्याचे आहे. आपणही तिथे रंग लावणे, नावे कोरणे, कचरा टाकणे कटाक्षाने टाळले पाहिजे.

येत्या २० मार्चला तळ्यावर अभिवादन झाल्यावर थेट गाडीत बसू नका. गांधारपाले चढा, ती दोन टाकी पाहा, आणि खाली उतरल्यावर जवळच्या एखाद्या बौद्धवाडीत पैसे देऊन जेवा. शताब्दीच्या मोठ्या कामाची सुरुवात एवढ्याने होऊ शकते.

जय भीम. नमो बुद्धाय.