पाटातल्या गोगलगायीची जात कोणती?

शंख-शिंपल्यांच्या नोंदी कोकणातल्यांनी ठेवाव्यात, खानदेशाला कुठे समुद्र आहे, असा आपल्याकडे समज आहे. पण नोंद व्हायला हवी अशा गोगलगायी पांझरा नदीवरच्या फड सिंचनाच्या पाटांत, हतनूर धरणाच्या फुगवट्यात आणि गुरे पाण्यावर जातात त्या डबक्यांत शोधाव्या लागतील. करंगळीच्या नखाएवढा पातळ, तपकिरी शंख टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड उजवीकडे उघडत असेल तर तो बहुधा लिम्निया, डावीकडे असेल तर फायसा. फरक एवढासाच, पण गुरांच्या यकृतातला चपटा कृमी लिम्नियाच्या अंगात वाढतो, फायसाच्या नाही. तिथून तो काठच्या गवतावर येतो आणि चाऱ्याबरोबर पोटात जातो; जनावर खंगते, दूध आटते. दोघींनाही ‘गोगलगाय’ म्हणून मोकळे झालो, तर कोणत्या पाटाचे गवत टाळायचे हे कळणार कसे?

माणसांच्या बाबतीतला दाखला रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीचा आहे. लघवीतून रक्त जाणारा शिस्टोसोमियासिस तिथे 1952 मध्ये नोंदला गेला. आफ्रिकेत या रोगाच्या कृमीला आसरा देणारी बुलिनस गोगलगाय. गिमवीत मात्र वाहक म्हणून पुढे आली फेरिसिया टेन्युइस, जेमतेम काही मिलिमीटरची, टोपीसारख्या कवचाची. कुणी मुद्दाम शोधल्याशिवाय ती नजरेस पडणे कठीणच.

जंताचे औषध असताना नावांचा खटाटोप कशाला, असे कुणी विचारेल. औषधाने यकृतातला कृमी मरतो, पण जनावर पुन्हा त्याच काठावर चरते. मोबाइलवरचा फोटो उपयोगी खरा, मात्र लिम्नियाचा शंख पाण्यागणिक आकार बदलतो; जात ठरवायला आतला मऊ जीव किंवा डीएनए लागतो. म्हणून चार-दोन नमुने अल्कोहोलमध्ये ठेवावेच लागतात, आणि चिठ्ठीवर ठिकाण, तारीख नसेल तर ते कवडीमोल. जीव घेण्याचा आक्षेप रास्त आहे. जिथे त्या थोड्या असतील तिथे फोटोवरच थांबावे.

2002 च्या जैवविविधता कायद्याने गावागावांत नोंदवहीची सोय केली आहे. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दर पावसाळ्यानंतर एकेक पाट वाटून द्यावा, शंकास्पद नमुने भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्राकडे पाठवावेत आणि लिम्निया सापडलेल्या पाटांची यादी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावी.