छोट्या ट्रकचा पिवळा रंग

अक्कलकुवा तालुक्यातले खापर हे गुजरातच्या हद्दीजवळचे गाव. डेडियापाडा, अंकलेश्वरकडे जाणारे ट्रक या वाटेने जातात. अशा रस्त्याकाठी वाढणाऱ्या मुलाला ट्रकचे वेड लागले नाही तरच नवल. मग ज्वारीच्या धांड्यांची चौकट होते, जुन्या स्लिपरच्या तळव्यातून गोल चाके कापली जातात, सायकलचा मोडका आरा आसाच्या जागी जातो, पुढे सुतळी बांधली की गाडी निघाली.

काहींचे हे वेड वयाबरोबर जात नाही. मोठेपणी त्यांच्या हातात सनबोर्ड, प्लायवूड, पत्रा आणि कटर येतो. महाराष्ट्रात एसटीच्या लाल गाड्यांच्या हुबेहूब प्रतिकृती करणारे तरुण गावोगाव आहेत. ट्रकचे हौशी त्यांचेच भाऊबंद. जपानची तामिया कंपनी १:१४ प्रमाणात रिमोटवर चालणाऱ्या ट्रकचे सुटे भाग विकते. म्हणजे अडीच मीटर रुंदीचा ट्रक १८ सेंटिमीटरचा होतो. तो संच परवडत नाही म्हणून कोणी थांबत नाही. चेसिस, पाटे, केबिन, हौदा, फाळका सगळे मोजून घरीच केले जाते. त्यानंतर सजावट येते : काळे गोंडे, लिंबू-मिरची, आरशाला रिबिनी आणि मागे ‘हॉर्न ओके प्लीज’. खऱ्या ट्रकवर हे लिहायला महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये बंदी घातली. छोटा ट्रक कोणाला हॉर्न वाजवायला लावत नाही, तेव्हा तिथे ते खुशाल असावे.

पन्नाशीचा माणूस ओट्यावर बसून खेळण्यातला ट्रक करतो, याला घरात बहुधा रिकामा उद्योग म्हणतात. वैद्यकशास्त्राचे मत वेगळे आहे. २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात १६ देशांतील ६५ वर्षे व त्यावरील ९३,२६३ जणांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. छंद असणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी आणि समाधान जास्त आढळले. छंदामुळेच हे घडले असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. ज्याची तब्येत बरी, तोच छंद करू शकतो, अशीही एक बाजू आहे. तरीही तीस वर्षे स्टिअरिंग धरून घरी बसलेल्या चालकाला दुपार घालवण्यासाठी याहून स्वस्त आणि निरुपद्रवी साधन सुचवणे कठीण आहे. चिमटीत बारीक स्क्रू धरणे, रेघेवरून कापणे, दोन्ही हात एकत्र चालवणे यांसारखीच कामे पक्षाघातानंतर हात पुन्हा चालता करण्यासाठी ऑक्युपेशनल थेरपीत दिली जातात. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसते, तेव्हा चष्मा आणि भरपूर उजेड लागतोच.

निरुपद्रवी म्हटले खरे, पण त्यात एक अपवाद आहे आणि तो गंभीर आहे : रंग.

हौशी माणसाला आपला ट्रक खऱ्या ट्रकसारखा दिसायला हवा असतो. म्हणून तो रंगही खऱ्या ट्रकचाच शोधतो. ट्रकची बॉडी बांधणाऱ्याच्या शेडमध्ये डब्याच्या तळाशी उरलेला पिवळा किंवा केशरी रंग ओळखीत फुकट मिळतो. झळझळीत पिवळा, केशरी आणि लाल रंग मिळवण्यासाठी रंग उद्योगात शिशाची संयुगे, मुख्यतः लेड क्रोमेट, फार पूर्वीपासून वापरली जातात. ऊन-पावसात टिकणारा आणि खालचा पृष्ठभाग पूर्ण झाकणारा असा हा रंग. प्रत्येक डब्यात शिसे असतेच असे नाही, पण नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही.

यावर कायदा आहे, पण अर्धा. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त असता कामा नये आणि डब्यावर तसे छापलेले असले पाहिजे. औद्योगिक रंगांना मात्र ही मर्यादा नाही, आणि वाहनांचे रंग त्याच वर्गात मोडतात. भिंतीचा रंग सुरक्षित असावा आणि ट्रकचा नसला तरी चालेल, कारण ट्रक कोणी चाटत नाही, असा यामागचा हिशेब दिसतो. पण त्याच डब्यातला रंग १८ सेंटिमीटरच्या ट्रकवर लागून घरात आला, की घरातले दीड वर्षाचे मूल तो चाटते.

रंगाचा घातकपणा वासावर ठरवण्याची आपल्याकडे सवय आहे. ‘आठवडाभर उन्हात ठेवला, आता वास गेला’ असे सांगितले जाते. वास थिनरचा असतो आणि तो उडून जातो. शिशाला वास नसतो आणि ते कुठेही जात नाही. वाळलेल्या अखंड थराला नुसता हात लावल्याने फारसे बिघडत नाही. धोका पॉलिशपेपरने घासताना उडणाऱ्या धुळीत, पोपडे धरलेल्या जुन्या थरात आणि न धुतलेल्या हातांत असतो. ओट्यावर घासलेल्या रंगाची धूळ संध्याकाळी झाडूने घरभर पसरते आणि रांगणाऱ्या मुलाच्या बोटांवाटे तोंडात जाते. मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मूल पोटात गेलेले शिसे चार ते पाच पट अधिक शोषते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही. मुलांची बुद्धी, लक्ष आणि वागणूक यांवर त्याचा परिणाम होतो आणि तो पूर्णपणे भरून निघत नाही. मोठ्यांमध्ये रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आहे. त्यांतली सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतातली.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात या आकड्यांना आणखी एक बाजू आहे. शरीरात लोह कमी असेल तर आतडे शिसे अधिक शोषते. आत गेलेले शिसे पुन्हा हिमोग्लोबिन तयार होण्यातच अडथळा आणते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ६ ते ५९ महिने वयाच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. सातपुड्याच्या या पट्ट्यात कुपोषण आणि सिकलसेल दोन्ही. त्यामुळे मूल फिकट दिसले की आधी लोहाचा आणि सिकलसेलचा विचार होतो, आणि तो बरोबरच आहे. पोटदुखी, चिडचिड, अभ्यासात लक्ष नसणे यांची कारणेही इथे शंभर सापडतात. त्या गर्दीत शिशाची आठवण कोणाला येत नाही.

बाकीचे धोके थोडक्यात. झटपट चिकटणारा डिंक सुती कपड्यावर सांडला तर एकदम तापतो आणि खालची कातडी भाजू शकते. त्याने पापण्या चिकटल्या तर ओढू नयेत. कोमट पाण्याने धुवून डॉक्टरांकडे जावे. हेडलाइटसाठी लावलेला बटण सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही तिथे खोल जखम होऊ शकते. उलटी करवण्यात वेळ न घालवता एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

मुलांसाठीच ट्रक करायचा असेल तर मुळात रंग हवाच कशाला? पुण्याच्या टेल्कोत, म्हणजे जिथे खरे ट्रक बनतात त्या कारखान्यात, अरविंद गुप्ता अभियंता होते. १९७८ मध्ये रजा काढून ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे सायकलच्या व्हॉल्वची नळी व आगकाड्या जोडून आकृत्या करू लागले. पुढे पुण्यात ‘आयुका’च्या विज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून असंख्य खेळणी केली, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या खेळण्यांना चकाकी नसते. मूल ती मोडते आणि पुन्हा करते. खापरच्या धांड्यांची गाडीही त्याच जातीची, आणि तिच्यात शिसे नाही.

मोठ्यांनी मात्र पिवळा ट्रक पिवळाच करावा, पण ९० पीपीएमची मर्यादा छापलेल्या घरगुती रंगाच्या डब्यातून. पावशेराचा डबा महाग पडत नाही आणि त्यात कित्येक ट्रक होतात. घासायचे ते ओले करून, मुलांपासून दूर. मग फरशी ओल्या फडक्याने पुसावी, हात साबणाने धुवावेत. पण एकेका घराच्या शहाणपणावर हे सोडून चालणार नाही. फिलिपिन्सने हीच ९० पीपीएमची मर्यादा आधी घरगुती रंगांना आणि २०१९ अखेर औद्योगिक रंगांनाही लावली. तिथले ट्रक त्यामुळे बिनरंगाचे राहिलेले नाहीत. भारताने नियमातली पळवाट बंद करायला हवी. शेडमध्ये रोज तो रंग फवारणाऱ्या रंगाऱ्याचा यात सर्वांत मोठा फायदा आहे. घरी परतताना कपड्यांवरून तोच रंग त्याच्या मुलांपर्यंत जातो.

ज्यांनी शेडमधल्या रंगाने ट्रक आधीच रंगवला आहे, त्यांनी तो खरवडून काढायला जाऊ नये. त्यानेच धूळ होते. वर पारदर्शक वॉर्निशचा हात द्यावा आणि ट्रक मुलांचा हात पोहोचणार नाही अशा काचेच्या कपाटात ठेवावा. लहान मूल तो तोंडात घालत आले असेल, तर डॉक्टरांना हे स्वतःहून सांगावे. नेहमीच्या रक्त तपासणीत शिसे मोजले जात नाही, ती तपासणी वेगळी मागावी लागते.