माती वाहून गेल्यावरच सरकारला का दिसते?

परतूर तालुक्यात जोरदार पाऊस झाला की ओढ्यांचे पाणी चहाच्या रंगाचे होते. हा रंग शेतातल्या मातीचा. ती दुधना नदीत उतरते आणि सेलू तालुक्यातील ब्रह्मवाकडी येथील निम्न दुधना धरणात जाऊन बसते. या धरणाचा फुगवटा परतूरच्या शिवारापर्यंत येतो. म्हणजे वरच्या गावाची माती खालच्या गावासमोर गाळ होऊन साचते.

एका एकरातून फक्त एक मिलिमीटर थर गेला, तरी सुमारे चार घनमीटर, म्हणजे जवळपास दीड ब्रास माती जाते. शेतात उभे राहून पाहिले तर काहीच बदललेले दिसत नाही.

काळ्या जमिनीचा स्वभावही याला कारण आहे. उन्हाळ्यात पडलेल्या भेगा पहिला पाऊस पिऊन घेतात. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचे पाणी मुरण्याऐवजी उताराने धावते. नेमके तेव्हाच सोयाबीन-कापूस कोवळे असतात, रान उघडे असते आणि पेरणीचे खत ताजे असते.

डीएपीच्या 50 किलोच्या गोणीत 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद असते. स्फुरद मातीच्या बारीक कणांना चिकटते; कण वाहिला की तेही गेले. नत्राचे नायट्रेट होऊन पाण्यात विरघळते आणि काही अंशी विहिरीत झिरपते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. पाणी उकळून ते जात नाही आणि सर्वाधिक धोका तान्ह्या बाळांना असतो. साठलेल्या पाण्यात स्फुरद वाढले की शेवाळ माजते. अमेरिकेतील टोलेडो शहराला ऑगस्ट 2014 मध्ये अशाच विषारी शेवाळामुळे नळाचे पाणी पिणे थांबवावे लागले होते. त्यामागे मोठा वाटा शेतांतून आलेल्या स्फुरदाचा होता.

आता सरकारी खर्चाकडे पाहू. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ शेतात टाकण्यासाठी पात्र शेतकऱ्याला एकरी 15 हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. 2025 च्या अतिवृष्टीनंतर खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रुपये रोख मदत जाहीर झाली. दोन्हींची गरज आहे, यात वाद नाही. पण हा सगळा पैसा माती गेल्यानंतरचा आहे. शिवाय गाळ परत येतो तो वाहतूक परवडेल तिथपर्यंतच; माथ्यावरच्या हलक्या रानाच्या वाट्याला तो क्वचितच येतो.

माती अडवण्याचे उपाय जुनेच आहेत. उताराला आडवी पेरणी, रुंद वरंबा-सरी, मजबूत बांध. यातला बांध सर्वांत दुबळा झाला आहे. दरवर्षी नांगराच्या एकेका तासाने तो कोरला जातो आणि भाऊबंदकीच्या भीतीने कोणी बोलत नाही. ढाळीचा बांध एकट्याच्या गटापुरता घालून भागतही नाही. पाणी गट नंबर पाहून वाहत नाही. जालना तालुक्यातील कडवंचीने नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात माथ्यापासून पायथ्यापर्यंत एकत्र काम केले. ते गाव आज द्राक्षांसाठी ओळखले जाते.

परतूरमध्येही अनुदानाचा पहिला हप्ता बांधबंदिस्तीला द्यावा आणि तोही रान मोकळे असते त्या एप्रिल-मे महिन्यांत. पंचनाम्याचे कागद ऑक्टोबरमध्ये तयार होतात, तोवर ती माती ब्रह्मवाकडीला पोहोचलेली असते.