फुगा असेल, तर किरणांच्या भरवशावर राहू नका

घरात कुणाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आल्याचं, म्हणजे ॲन्युरिझम असल्याचं, एमआरआयमध्ये दिसलं की दुसऱ्याच दिवशी कुणीतरी भाऊ-मेहुणा सुचवतो, "डोकं कशाला उघडताय? गामा नाइफ आहे की आता. टाका नाही, रक्त नाही." सल्ला आपुलकीचा असतो, पण तो बहुतेक वेळा दुसऱ्याच आजाराचा असतो.

गामा नाइफ काही भोंदूपणा नाही. स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये ही कल्पना मांडली आणि साठच्या दशकाअखेर स्टॉकहोममध्ये यंत्र वापरात आलं. कोबाल्टच्या किरणांचे जवळजवळ दोनशे बारीक झोत एकाच जागी येऊन मिळतात. एकेकटा झोत कमजोर असतो, एकत्र येतात तिथेच मात्रा बसते. एव्हीएम म्हणजे धमन्या आणि शिरांचा जो गुंता होतो, त्याला हा उपचार चांगला लागू पडतो. किरणांनी त्या वाहिन्यांचं आतलं अस्तर जाड होत जातं आणि गुंता हळूहळू बंद होतो. हळूहळू म्हणजे दोन-तीन वर्षं! तोवर रक्तस्रावाचा धोका टळलेला नसतो.

आता फुग्याचं बघा. तो सहसा मेंदूच्या तळाशी मोठ्या धमनीच्या फाट्यावर असतो. ती धमनी वाहती राहायला हवी आणि फुगा तेवढा बंद व्हायला हवा. किरणांना ही निवड जमत नाही. त्यात फुगा एकदा फुटला असेल, तर पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांतच सर्वांत जास्त असतो. तिथे दोन-तीन वर्षांचा उपचार घेऊन काय करायचं?

आणि डोकं न उघडण्याचा मार्ग फुग्यालाही आहेच, फक्त तो किरणांचा नाही. मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन फुग्यात प्लॅटिनमची तार, म्हणजे कॉइल, भरतात. इटालियन डॉक्टर ग्वीदो गुल्येल्मी यांची कॉइल १९९०च्या सुमारास आली, तेव्हापासून हे चित्रच पालटलं. फुटलेल्या फुग्यांवर डोकं उघडून फुग्याच्या मानेला लावायची क्लिप बरी की कॉइल, याचा मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हींपैकी काहीही चालण्यासारखं होतं अशा त्या रुग्णांत वर्षभराने परावलंबी झालेले किंवा दगावलेले कॉइलच्या गटात साधारण २४ टक्के होते, ऑपरेशनच्या गटात ३१. तरी काही फुग्यांना जागेमुळे किंवा आकारामुळे क्लिपच बरी पडते. न फुटलेला लहान फुगा पुष्कळदा नुसता तपासणीत ठेवतात, आणि त्यालाही उपचारच म्हणायचं. बीपी आटोक्यात ठेवणं आणि विडी-सिगारेट सोडणं मात्र प्रत्येकालाच लागू. आईवडील-भावंडांत दोघांना हा त्रास झाला असेल, तर स्वतःच्या तपासणीचंही डॉक्टरांना विचारा.

मत घ्यायला जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, अँजिओग्राफीची सीडी न्या. कॉइल आणि क्लिप दोन्ही होतात अशा ठिकाणी दाखवा. कुणी किरणं सुचवली, तर सरळ विचारा, "हा फुगा आहे की गुंता? आणि बंद व्हायला किती दिवस?"

आयुष्यात कधी नव्हे अशी भयंकर डोकेदुखी एकाएकी उठली, सोबत उलटी झाली किंवा मान ताठली, तर पित्त म्हणून झोपून राहू नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा.